ओट्यावरची पहिली



ज्यांच्या स्मरणार्थ जळगावच्या मेहरूणमध्ये ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंनी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली. त्यांच्या नावानं उभं राहून बोलायचं तर पहिलीच्या मुलाविषयीच बोलावं, असं मी ठरवलं. मूल शाळेत येऊ शकत नाही, तेव्हा त्याची शाळा घरात कशी चालवायची, हा आजचा विषय.

हा विषय आता शिळा झाला, असं काही जण म्हणतील. करोना गेला, शाळा भरल्या, घंटा वाजू लागली. पण ती मुलं इथंच आहेत. २०२०च्या जूनमध्ये ज्याचं नाव पहिलीत लागलं, ते मूल २०२५-२६मध्ये सहावीत पोचलं. त्या वर्षीच्या मार्चच्या मध्याला शाळांना कुलुपं लागली आणि राज्यात पहिलीचे वर्ग पुन्हा भरायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. तोवर हे मूल कागदोपत्री दुसरीत गेलं होतं. महिनाभरात ओमायक्रॉन आला, शाळा पुन्हा मिटल्या, त्या २४ जानेवारी २०२२ला उघडल्या. म्हणजे अक्षरओळखीचं अख्खं वर्ष आणि जोडाक्षरांचं निम्मं वर्ष या मुलानं वर्ग पाहिलाच नाही. दहावीच्या मुलांच्या निकालाची चर्चा त्या दोन वर्षांत घरोघरी झाली. पहिलीच्या मुलाला निकाल नसतो, त्यामुळे त्याचं काय बुडालं हे कुणाला दिसलं नाही.

‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतून ते पुढे दिसलं. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा साधा उतारा वाचता येतो, त्यांचं प्रमाण २०१८मध्ये २७.३ टक्के होतं. २०२२मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आलं. आधीच शंभरातली सत्तावीस! त्यातलीही सात गळाली. आणि ही पाहणी झाली तेव्हा तिसरीत कोण होतं? पहिलीत शाळा न पाहिलेली तीच मुलं.

त्या काळात कुणी काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं रोजची अभ्यासमाला काढली, दीक्षा ॲपवर धडे आले. २० जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं तयार केलेली ही मालिका मला त्या वेळच्या प्रयत्नांत फार मोलाची वाटते. तिला इंटरनेट लागत नव्हतं, आणि घरात, परसात सापडणाऱ्या वस्तू हाती घेऊन मुलांनी काय करून पाहावं हे ती सांगत होती. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी यंत्रमाग कामगारांच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघरकडच्या मोखाडा-जव्हारमध्ये ध्वनिक्षेपकावरून पाड्यापाड्यांत ‘बोलकी शाळा’ भरली. तळमळ होती. तरीही लहान मुलांच्या हाती फार थोडं लागलं, आणि याचं कारण नेटवर्कपेक्षा खोल आहे.

आधी नेटवर्कचं आणि फोनचं सांगून टाकतो. ‘असर’च्या २०२१च्या पाहणीत ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्या घरांत तो होता, त्यातल्याही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. यात मेहरूणच्या, तांबापुऱ्याच्या माणसाला नवल वाटणार नाही. चटईच्या कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये पहिल्या पाळीला जाणारा बाप फोन खिशात घालून जातो. तो संध्याकाळी येतो तेव्हा मोठी बहीण नववीत असते, आणि फोन आधी तिच्या हातात जातो. सहा वर्षांच्या धाकट्याची पाळी आली की त्याला झोप आलेली असते. हे झालं साधनांचं.

खोल कारण वेगळं आहे. दहावीचा मुलगा समजावून सांगितलेलं ऐकून शिकू शकतो. सहा वर्षांचं मूल मुख्यतः प्रतिसादातून शिकतं. ते काहीतरी करतं, कुणीतरी ते पाहतं, ‘अगं, इकडून वळव’ म्हणतं, बोट धरून वळवून दाखवतं, जमलं की हसतं. ‘अ’ कुठून सुरू करायचा आणि पेन्सिल कुठं उचलायची हे पडदा दाखवू शकतो. पण मुलानं पेन्सिल मुठीत आवळून धरली आहे, हे पडद्याला दिसत नाही. टीव्हीवरच्या ताई कितीही गोड बोलल्या तरी मुलानं चुकीचं उत्तर दिलं तेव्हाही त्या ‘शाब्बास’च म्हणतात. मुलाला हे दोन दिवसांत कळतं. मग ते पाहत बसतं, पण करत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: लहान मुलाच्या दूरशिक्षणात शाळेनं ज्याच्यापर्यंत पोचायचं ते माणूस म्हणजे मुलाशेजारी बसणारं मोठं माणूस. बहुतेक घरांत ती आई असते, कुठं आजी, कुठं मोठी बहीण. शिक्षकाचा वेळ तिच्यावर खर्च झाला पाहिजे. तिचा हात धरला तरच मुलाचा हात धरला जातो.

हे राज्याच्या आदेशातही होतं, आणि याची आठवण आज कुणी काढत नाही. जून २०२०मध्ये सरकारनं दुसरीपर्यंतच्या मुलांना ऑनलाइन वर्ग नकोत असं म्हटलं होतं. जुलैमध्ये ते बदललं आणि वेळेची मर्यादा घातली. पूर्वप्राथमिकसाठी अर्धा तास, तोही पालकांशी संवाद आणि मार्गदर्शन यासाठी. पहिली-दुसरीला रोज अर्ध्या तासाची दोन सत्रं, आणि त्यातली १५ मिनिटं पालकांशी बोलायची. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला लहान मूल ठाऊक होतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय झालं? मुलाला गणवेश घालून फोनपुढे बसवलं, चाळीस चौकटींमध्ये चाळीस चेहरे, आणि आईला सांगितलं गेलं की मध्ये बोलू नका. जिच्यासाठी वेळ राखला होता तिलाच गप्प बसवलं. मला याचं आजही वाईट वाटतं.

जगात हे काम जुनं आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेनं १९०६पासून टपालानं शिक्षण सुरू केलं. त्या पार्सलात पाठ्यसाहित्याबरोबर घरच्या शिकवणाऱ्याला, म्हणजे बहुधा आईला, रोज काय करायचं याच्या सविस्तर सूचना असत. ऑस्ट्रेलियात शेकडो मैल पसरलेल्या गुरांच्या चराऊ रानांवर राहणाऱ्या मुलांसाठी १९५१मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला रेडिओवरची शाळा निघाली. उडत्या डॉक्टरांच्या सेवेचं बिनतारी यंत्रच तिनं वापरलं. ती मुलं बाईंशी बोलू शकत होती, बाईंना त्यांचं ऐकू येत होतं; आणि प्रत्येक मुलाशेजारी घरातलं एक माणूस शिकवायला बसलेलं असे. यंत्रं बदलत गेली, उपग्रह आले, शेजारचं ते माणूस अजून आहे.

आपल्याकडे तर याहून जवळचा दाखला आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५मध्ये पालघरकडच्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला वारली आदिवासींची मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणशाळा काढली. जिथं गुरं चरतात तिथं शाळा. अंगणात शाळा भरवण्याचा मोठा फायदा असा की आया दारात उभ्या राहून पाहतात. गाणं त्यांच्याही तोंडी बसतं, आणि मग बाई घरी गेल्यावरही ते चालू राहतं.

आता आई काय म्हणते ते ऐकू या. ‘सर, मला लिहिता-वाचता येत नाही, मी काय शिकवू?’ किंवा, ‘आमची बोली अहिराणी, पुस्तकाची भाषा निराळी, माझ्यामुळे पोराचं बिघडेल.’ कुणाच्या घरात लेवा बोली आहे, कुणाच्या घरात उर्दू, कुणाच्या बंजारा. ही भीती खरी आहे, आणि ती बऱ्याचदा आपणच, शाळेनंच, त्यांच्या मनात घातली आहे.

जळगावात या भीतीला उत्तर द्यायला मला पुस्तकं उघडावी लागत नाहीत. आसोद्याच्या माहेरवाशीण कवयित्री बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी सांगितलेली एक आठवण आहे. शाळेत असताना ते सावित्री-सत्यवानाचा धडा घरी मोठ्यानं वाचत होते, आई ऐकत होती. दुसऱ्या दिवशी आईनं त्यावर गाणं रचलेलं होतं. बहिणाबाईंच्या प्रतिभेबद्दल आपण ही आठवण सांगतो. मी ती सोपानदेवांच्या बाजूनं सांगतो. एका शाळकरी मुलानं धडा मोठ्यानं वाचला, घरात कुणीतरी कान देऊन ऐकला, आणि त्याचं काहीतरी झालं हे त्याला दिसलं. मुलाला वाचायला लावणारी याहून मोठी गोष्ट कोणती? आईला वाचता येत नव्हतं. ऐकता येत होतं. रोज दहा मिनिटं ‘मला वाचून दाखव’ म्हणून समोर बसायला अक्षरओळख लागत नाही. मूल अडखळलं तर ‘पुन्हा म्हण’ म्हणायलाही लागत नाही. आणि गोष्ट अहिराणीत सांगितली तर मुलाची मराठी बिघडत नाही. गोष्टीत आधी काय झालं, मग काय झालं, का झालं, हे ज्याला एका बोलीत सांगता येतं त्याला ते पुस्तकाच्या भाषेतही लवकर सांगता येतं.

घरात काय करायचं यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण ‘पालकांनी लक्ष द्यावं’ एवढं सांगून आपण मोकळे होतो, आणि लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं ते सांगत नाही.

वाचनापासून सुरू करू. मूल ‘कमळ’ ऐकतं तेव्हा तो त्याला एकच सलग आवाज वाटतो. त्याचे क, म, ळ असे तुकडे आधी कानानं पाडता यावे लागतात. मग फळ्यावरचं अक्षर त्या तुकड्याला जाऊन बसतं. कानाची ही तयारी झाली नसेल तर मूल सुटी अक्षरं ओळखतं, ‘क… म… ळ’ म्हणतं आणि थांबतं, शब्द जुळत नाही. पहिलीत अडणारी पुष्कळ मुलं इथं अडलेली असतात. या तयारीसाठी आपल्या घरात फार जुना खेळ आहे: शब्दांच्या भेंड्या. आई म्हणते बोर, मूल म्हणतं रस्ता, आजी म्हणते ताक, बहीण म्हणते कणीस. शब्दाचा शेवटचा तुकडा वेगळा काढायचा आणि त्यानं सुरू होणारा दुसरा शब्द शोधायचा. भाकऱ्या थापताना हे होतं. फोन लागत नाही, पुस्तक लागत नाही, आईचं काम थांबत नाही. एका शब्दाला टाळ्या वाजवून तुकडे मोजणं, एकाच अक्षरानं सुरू होणाऱ्या पाच वस्तू घरात शोधणं, ही याचीच भावंडं. सहा वर्षांच्या मुलासाठी हा खराखुरा भाषेचा अभ्यास आहे, आणि तो तासभर वही गिरवण्यापेक्षा कामाचा आहे.

गणिताचंही तसंच. चार कवड्या किंवा एका बाजूनं घासलेले चिंचोके घेऊन ओट्यावर खडूनं अष्टचंग्याचा पट आखा. दान पडलं की उताणे किती, पालथे किती हे मूल मोजतं, आणि तितकी घरं पुढे सरकतं. मोजलेली संख्या आणि चाललेलं अंतर एकच आहे, हे त्याच्या बोटांना कळतं. पुढे चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मोजायला लावा. दशक-एकक तिथंच शिकवून होतो. लिहिण्याआधी हाताला चिमूट यावी लागते. डाळीतले खडे निवडणारं मूल ती चिमूट कमावत असतं. जळगावच्या घरात डाळीची वाण नाही. हिवाळ्यात मेहरूणची बोरं आली की लहान-मोठी, हिरवी-पिवळी अशी वर्गवारी करायला द्या. वर्गीकरण हा पूर्वगणिताचा पहिला धडा आहे.

हे सगळं मिळून दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. पण एक अट आहे. आईला हे कुणीतरी सांगावं लागतं, पुढच्या आठवड्यात काय जमलं हे विचारावं लागतं, आणि अडलं तिथं वाट दाखवावी लागते. नुसता संदेश पाठवून हे होत नाही.

हे मी मनचं सांगत नाही. आफ्रिकेतल्या बोट्सवानात २०२०मध्ये शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार घरांवर एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला गणिताचा छोटा संदेश पाठवला. काही घरांना संदेश आणि त्यासोबत शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. साधा, बटणांचा फोनही चालत होता. फोन लाऊडस्पीकरवर ठेवायचा, आई किंवा बाप आणि मूल दोघांनी मिळून एखादं उदाहरण सोडवायचं. नुसत्या संदेशानं फारसं काही साधलं नाही. फोन झाला त्या घरांतली मुलं गणितात पुढे सरकली. नंतर हाच प्रयोग भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्समध्ये केला गेला. त्यातली आपल्या कामाची गोष्ट ही की नेपाळ आणि फिलिपिन्समध्ये सरकारी शिक्षकांनी केलेले फोन संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या फोनइतकेच उपयोगी ठरले.

आपल्याकडे हिशेब करून पाहा. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. प्रत्येक घरी आठवड्याला दहा मिनिटांचा फोन म्हटला तर तीनशे मिनिटं, पाच तास. शाळा बंद असताना पाच तास कुणाही शिक्षकाला काढता येतात. शाळा चालू असताना तीसही घरी फोन करायची गरज नसते. जी मुलं येत नाहीत त्यांच्याच घरी करायचा.

आणि येत नसलेली मुलं खानदेशात दर वर्षी असतात. करोना असो वा नसो. दिवाळीच्या आगेमागे चाळीसगाव, पारोळ्याकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. सातपुड्याच्या पायथ्याची, चोपडा-यावल-शिरपूरकडची माणसं गुजरातेत मजुरीला जातात. मागं आजी-आजोबा असतील तर मूल हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावात राहतं, नाहीतर आई-बापाबरोबर फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर जातं. पहिलीतल्या मुलाचं निम्मं वर्ष उसाच्या फडाशेजारी जातं. त्या मुलाची दूरची शाळा कोण चालवतं? करोनात साऱ्या राज्यानं दोन वर्षं जे सोसलं, ते हे मूल दर वर्षी सोसतं, आणि त्याच्यासाठी कुठली वाहिनी सुरू होत नाही. फडावरच्या बापाच्या खिशात मात्र फोन असतो. रात्री आठला, कोपीतलं जेवण झाल्यावर, बाईंचा फोन गेला तर ते मूल शाळेच्या पटावर नुसतं नावापुरतं राहणार नाही. आईला हाक मारून विचारायचं: भेंड्या खेळलात का? आज किती मोळ्या झाल्या, त्यानं मोजल्या का? द्या त्याच्याकडे, मला सांगू दे.

हे करायची घडी आपल्याकडे बसलेली आहे, हे विसरू नका. २०२२च्या उन्हाळ्यात राज्यानं ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान चालवलं, ‘प्रथम’ संस्थेच्या साथीनं. शाळाशाळांत मेळावे झाले. मूल एकेका टेबलावर जाऊन उड्या मारत होतं, रंग ओळखत होतं, गोष्ट सांगत होतं, आणि शेवटच्या टेबलावर आईशी बोलणं होत होतं. मग गल्लीतल्या पाच-सहा आयांचा गट, त्यात एक लीडर माता, आणि आठवड्याला घरी करायच्या कृतींची आयडिया कार्डं. जिला वाचता येतं तिनं कार्ड वाचायचं, बाकीच्यांनी करायचं. मला हे अभियान करोनातून आपण शिकलेली खरी गोष्ट वाटते. पण ते उन्हाळ्यापुरतं राहिलं तर त्याचा अर्थ उरणार नाही. जूनला शाळा उघडली की माता गट विरून जातात, आणि आई पुन्हा फाटकाबाहेर उभी राहते.

जुलै २०२१मध्ये केंद्रानं ‘निपुण भारत’ जाहीर केलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधं गणित यावं, आणि ते २०२६-२७पर्यंत साधावं असं ठरलं. ती मुदत आता दारात आहे. ती गाठायची तर पहिलीच्या मुलाचे शाळेबाहेरचे तास मोजावे लागतील, आणि त्या तासांत त्याच्याजवळ कोण आहे हे शाळेला नावानिशी माहीत असावं लागेल.

महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्यांकडे माझं मागणं थोडं आहे. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना फोनचा खर्च द्या आणि या बोलण्याचे तास त्यांच्या कामात धरा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची यादी दिवाळीच्या आधी करा. तीत गावाबरोबर आईचा किंवा बापाचा चालू नंबर आणि ते कोणत्या कारखान्याच्या फडावर जाणार याची नोंद ठेवा.

मेहरूणच्या आयांनो, तुम्ही पुष्कळ जणी आज कामावरून थेट इथं आला आहात. तुमच्या मुलाला शिकवण्यासाठी तुम्ही बाई व्हायची गरज नाही. ते वाचेल तेव्हा ऐका, खेळेल तेव्हा मोजायला लावा, आणि तुमच्या बोलीत गोष्ट सांगा.

आणि इथं बसलेल्या शिक्षकांनो, सगळ्या वर्गापासून सुरुवात करू नका. तुमच्या हजेरीपटावर सर्वांत जास्त गैरहजर असलेली तीन नावं काढा. या आठवड्यात, संध्याकाळी, त्या तीन घरी फोन करा आणि आधी आईशी बोला.